पिकअपला पिकअप नाही

सिल्व्हर प्लूम मागे पडलं की आय-७० हायवे अंगावर येतो. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला हा रस्ता आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतच राहतो. उजव्या लेनमध्ये चारही इंडिकेटर लावून रखडणारे अठरा चाकी ट्रक, आणि त्यांच्या शेपटाला मी. पाचवा गिअर जॉर्जटाउनलाच सुटला होता. चौथ्यावर इंजिन गुदमरत होतं, म्हणून तिसरा टाकला. पाय पार तळाला टेकलेला, वेगाचा काटा ३५ वर, म्हणजे आपल्या हिशेबाने ताशी छप्पन्न किलोमीटर. शेजारून एक मिनीव्हॅन सुळकन निघून गेली. छपरावर दोन सायकली, मागच्या काचेला नाक लावून बसलेलं एक पोर. त्याने मला टाटा केला.

"बाबा, आपण मुद्दाम हळू जातोय का?" मुलीने विचारलं.

कराडच्या गॅरेजात या दुखण्याला एकच नाव होतं: गाडीला पिकअप नाही. आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, मॅटॅडोर खंबाटकी चढायला लागली की मागे बसलेला हमालसुद्धा हेच वाक्य म्हणायचा. माझ्या नशिबात ते वाक्य शब्दशः आलं. पिकअपलाच पिकअप नाही.

गाडी १९९१ ची टोयोटा पिकअप, फोर बाय फोर. बाकीच्या जगात ही हायलक्स. अमेरिकेत ते नाव सत्तरच्या दशकातच गळालं आणि १९९५ ला टॅकोमा येईपर्यंत ही नुसतीच 'पिकअप' राहिली. जसं काही घरी पाळलेल्या कुत्र्याला 'कुत्रा' म्हणूनच हाक मारावी. बोनेटखाली २२ आरई नावाचं इंजिन: चार सिलिंडर, २३६६ सीसी, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, आठ व्हॉल्व्ह. नावातला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. हे इंजिन मरत नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण मरत नाही याचा अर्थ पळतं असा नव्हे. कंपनीचा आकडा ११६ अश्वशक्ती, तोही ४८०० आरपीएमला.

त्यातही हा आकडा समुद्रकिनाऱ्याचा. डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे. आपला कळसूबाई १६४६. म्हणजे रोज सकाळी मी जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर गाडी चालू करतो आणि मग तिथून वर जायला निघतो. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर, ३४०० मीटर. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावतं. हवाच विरळ, तर प्रत्येक घोटात प्राणवायू कमी, तर जाळायला पेट्रोल कमी. तोंडी हिशेब केला: डेन्व्हरला ११६ चे सत्त्याण्णव उरतात, बोगद्याच्या तोंडाशी सत्त्याहत्तर. हेही इंजिन ठणठणीत असेल तर. माझं ओडोमीटर दोन लाख मैल ओलांडून गेलेलं.

तेव्हा घरी आलो आणि अशा वेळी सगळे पुरुष करतात तेच केलं. इंटरनेटवरून काहीतरी चकचकीत मागवलं.

ते होतं शंकूच्या आकाराचं एअर फिल्टर, लाल रंगाचं. जाहिरातीत अश्वशक्तीचे वायदे होते. मूळची काळी प्लास्टिकची पेटी काढून टाकायची आणि हा शंकू बसवायचा, काम अर्ध्या तासाचं. बसवला. गाडी सुरू केली आणि काय आवाज! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतून कोणीतरी मोठ्याने श्वास घेतंय. आठवडाभर मी खूश होतो. मग त्याच चढावर गेलो तर काटा ३५ च्याही खाली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ती मूळची कुरूप पेटी फेंडरच्या आतून, बाहेरची गार हवा ओढत होती. माझा शंकू रेडिएटरच्या मागे, तापलेल्या इंजिनाशेजारी बसून भाजलेली हवा पीत होता. गरम हवा आणखी विरळ. पैसे मोजून मी स्वतःच्या गाडीला आणखी हजारभर फूट वर नेऊन ठेवलं होतं. (तिथेच एक 'परफॉर्मन्स चिप'ही विकायला होती. तिच्या आत एक साधा रेझिस्टर असतो, हवा आहे त्याहून गार आहे असं कॉम्प्युटरला खोटं सांगणारा. ती मी घेतली नाही. तेवढी अब्रू राखली.)

रविवारी आप्पांना फोन केला. वय ब्याऐंशी, मॅटॅडोर विकून तीस वर्षं झाली, पण इंजिनाचा विषय निघाला की आवाज तरुण होतो. मी सगळं सांगितलं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलू का, हेडर्स (धुराच्या मोकळ्या नळ्या) लावू का, टोयोटानेच १९८६ ते ८८ याच इंजिनाला टर्बो लावून १३५ अश्वशक्ती काढली होती, तसा टर्बो मिळतो का बघू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लेका, नवी झाली तेव्हा किती होती म्हणालास?"

"एकशे सोळा."

"मग ती हाईत कुठं आता?"

मी गप्प.

"आधी ती हुडक. टर्बोचं मग बघू."

हा प्रश्न मला सुचला नव्हता याची लाज वाटली, कारण मी इंजिनिअर आहे. जुन्या गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की आपण बेरीज करायला बसतो: हे लावलं की पाच, ते लावलं की दहा. पण तीस वर्षांत इंजिनातून अश्वशक्ती एकेक करून निसटलेली असते, आणि ती कुठून निसटली ते शोधणं हे बाजारातल्या कुठल्याही शंकूपेक्षा स्वस्त असतं. मजेदारही असतं, पण हे कळायला मला सहा महिने लागले.

पहिल्यांदा कॉम्प्युटरलाच विचारलं. या गाड्यांत बोनेटखाली एक छोटी डबी असते. तिच्यातली दोन टोकं पेपरक्लिपने जोडली आणि चावी फिरवली की 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायला लागतो. बिघाड असेल तर ठरावीक तालात थांबून थांबून, आकडे मोजता येतील असा. माझा दिवा एकसारखा, न थांबता लुकलुकत राहिला. म्हणजे काहीही बिघाड नाही. कॉम्प्युटरच्या मते गाडी उत्तम होती.

आता या कॉम्प्युटरला जग कसं दिसतं ते सांगायला हवं. एअर फिल्टरच्या पुढे एक चौकोनी पेटी असते, तिच्यात दारासारखी एक झडप, स्प्रिंगवर ताणलेली. इंजिन हवा ओढतं तशी झडप ढकलली जाते, आणि ती किती उघडली त्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं. म्हणजे ती झडप हवेचं वजन करत नाही, तिचा धक्का मोजते. विरळ हवेत हा हिशेब थोडा चुकतो आणि पेट्रोल जरा जास्तच जातं. सपाटीवर सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर ती चूक दुरुस्त करतो, पण पाय तळाला टेकला की कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही. आणि झडपेच्या पुढे कुठून हवा शिरली, तर ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. तिच्या वाट्याचं पेट्रोल सुटतच नाही. कराडचे मिस्त्री ज्याला 'एअर घेतेय' म्हणायचे ते हेच.

एअर घेतेय का हे पाहायला मी उदबत्ती पेटवून नळ्यांशेजारून फिरवली. धूर आत ओढला गेला की भोक सापडलं. पेट्रोलच्या इंजिनाजवळ उदबत्ती फिरवणं किती शहाणपणाचं, हे बायकोने दारात उभं राहून एका वाक्यात सांगितलं. उदबत्तीने काही दाखवलंही नाही. सापडलं ते बोटांना. झडपेच्या पेटीपासून थ्रॉटलपर्यंत जाडजूड रबरी नळी जाते, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांची. वरून ती धडधाकट दिसत होती. खालून हात घालून घडी वाकवली तर नख आत गेलं. पाऊण घेर चिरलेली. इंजिन शांत उभं असताना घड्या मिटलेल्या, म्हणून चीर बंद. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या रबरांवर एका अंगाला कलतं, नळी ताणते, चीर उघडते. म्हणजे गॅरेजमध्ये कितीही तपासा, दुखणं घाटातच उमटणार. नवी नळी बसवली, ती जुनी काळी पेटीही फडताळातून काढून परत लावली, आणि लाल शंकू कपाटावर ठेवला. तो अजून तिथेच आहे, मुलीने त्यात पेन्सिली उभ्या केल्यात.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट. या इंजिनाला रॉकरवर स्क्रूची सोय आहे, इंजिन गरम असताना इनटेकला ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० अशी फट ठेवायची. माझे एक्झॉस्ट इतके घट्ट झाले होते की दोन सिलिंडरवर गेजचं पान शिरेचना. व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत खोल बसत जातो आणि फट मिटत जाते. मग तो पुरता बंदच होत नाही, दाब गळतो, व्हॉल्व्ह जळतो. आणि आवाज अजिबात येत नाही. "टॅपेट वाजलं तर वाजू दे," आप्पा म्हणाले, "गप बसलं की मात्र भ्यायचं."

पेट्रोल फिल्टरबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अशा जागी आहे की ज्याने तो तिथे ठेवला त्याला तो कधी बदलावा लागला नसणार. एक अख्खा शनिवार आणि मनगटाची साल.

टायमिंगपाशी, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते तिथे, मात्र गाडी अडली. इथेही डबीत क्लिप घालून कॉम्प्युटरला बाजूला करायचं आणि टायमिंग लाइटचा झोत पुलीवर मारायचा, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोचतो त्या क्षणाच्या) ५ अंश आधी रेघ उभी दिसली पाहिजे. माझी रेघ उभी राहीचना. झोतात ती पांढरी खूण पुढे-मागे नाचत होती, तीन-चार अंशांत. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो, कॅम साखळीवरून. साखळी सैल, तर तिच्या जिवावर चाललेलं सगळंच सैल. मग मला आठवलं, रोज सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद पुढून खळखळ येते. ऑइलचा दाब चढून टेन्शनरने साखळी ताणली की थांबते. मी तिला म्हातारपणाचा खोकला समजत होतो.

व्हॉल्व्ह कव्हर काढून टॉर्च खाली मारला. साखळीला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा आधार असतो. त्यातली एक तुटून तळाला गेली होती, आणि साखळी थेट अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरला घासत होती. कव्हरवर तिने एक चकचकीत खाच पाडली होती, करवतीने हळूच सुरुवात करावी तशी. बोट घालून पाहिलं, कड धारदार होती. त्या भिंतीच्या पलीकडे कूलंट वाहतं. आणखी थोडी घासली असती तर पाणी ऑइलमध्ये गेलं असतं आणि २२ आरई मरत नाही या ख्यातीला माझ्या दारात अपवाद घडला असता. म्हणजे ज्या इंजिनातून मी जास्त ताकद मागत होतो, ते काही मिलिमीटर धातूवर उभं होतं. टर्बो बसवला असता तर मीच त्याला मारलं असतं.

कॅमशाफ्टसाठी बाजूला काढलेले पैसे साखळी, लोखंडी पाठीच्या नव्या पट्ट्या, टेन्शनर, कव्हर आणि वॉटर पंपात गेले. तीन शनिवार-रविवार गेले. पण नंतर टायमिंग लाइट मारला तेव्हा रेघ भिंतीवर खिळा मारावा तशी उभी होती. ताणलेल्या साखळीमुळे कॅम इतकी वर्षं उशिराने चालत होता, व्हॉल्व्ह उशिरा उघडत आणि उशिरा मिटत होते. खालच्या आरपीएमचा दम तिथेच गेला होता. पुस्तक ५ अंश म्हणतं, मी ८ ठेवलाय. विरळ हवेत सिलिंडरमधला दाब मुळात कमी, त्यामुळे पेट्रोल अवेळी पेटून ठोके येत नाहीत. याच कारणाने कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. उद्या ही गाडी घेऊन टेक्सासच्या उन्हाळ्यात उतरलो तर मात्र मुकाट्याने परत ५ वर यावं लागेल.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अर्धा तुंबलेला निघाला. पुष्कळजण सांगतात, काढून टाक, सरळ नळी जोड. ते बेकायदेशीर आहे, आणि डेन्व्हरच्या भागात १९८२ पासूनच्या जुन्या गाड्यांना रोलरवर २४० सेकंद पळवून धूर तपासतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला ते पटत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढणाऱ्या गाडीच्या मागे कोणीतरी काच उघडी ठेवून येत असतं. कराड-पुणे रस्त्यावर ट्रकच्या काळ्या धुरामागे एस. टी. च्या खिडकीत बसून माझं बालपण गेलंय. नवा कन्व्हर्टर बसवला.

एवढं होऊन पुन्हा घाटात गेलो. फरक होता, नक्की होता. तिसऱ्यात गाडी चाळीसच्या पुढे जात होती. पण चौथ्यात टाकली की पुन्हा तेच, ओझ्याखाली वाकल्यासारखी. आता इंजिनात शोधायला काही उरलं नव्हतं.

आप्पांना फोटो पाठवला, गाडी धुऊन पुसून, बोगद्यापुढच्या पार्किंगमध्ये उभी. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला असणार, कारण लगेच फोन आला.

"चाकं कंपनीची न्हाईत ही."

नव्हती. आधीच्या मालकाने ३१ इंची टायर चढवले होते, गाडी उंच आणि रुबाबदार दिसते म्हणून. मूळचे होते सव्वाअठ्ठावीस इंचांच्या आसपास. मी ती गाडी घेतलीच मुळी त्या टायरांच्या रुबाबावर. कागद घेऊन बसलो. चाक साडेनऊ टक्के मोठं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गाडीला तितकं जास्त अंतर ढकलायचं. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे धुरीवरच्या शेवटच्या गिअरमध्ये, क्राउन या मोठ्या चक्राला ४१ दाते, पिनियन या छोट्याला १०, म्हणजे ४.१० चं प्रमाण. मोठ्या चाकाने ते जवळजवळ ३.७५ वर आणून ठेवलेलं. या इंजिनाचा सगळा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २८०० आरपीएमच्या आसपास असतो, आणि ५५ मैलांच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ते २४५० वर फिरत होतं. घोडा तगडा होता हो, त्याला खोगीर शेपटीवर घातलं होतं.

क्राउन-पिनियन बदलणं हे घरचं काम नव्हे. ते शिम, तो बॅकलॅश, दातांवर पिवळा लेप लावून फिरवून उमटलेला ठसा वाचणं, यात हात बसायला वर्षं जातात. फोर बाय फोर असल्याने पुढचं आणि मागचं, दोन्ही बदलावी लागतात, नाहीतर दोन्ही धुऱ्या एकमेकींशी भांडतात. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने करून दिलं. ४१ ला ९, म्हणजे ४.५६. एका दाताचा फरक. त्याने मला जुना आणि नवा पिनियन हातात दिला, मी दाते मोजले, दोनदा मोजले. एवढ्याशा फरकाने प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोचणारा जोर अकरा टक्क्यांनी वाढला. इंजिनाला कोणी हातही लावला नव्हता. ५५ ला आता चौथ्यात २७०० च्या पुढे.

ऑक्टोबरात पुन्हा तोच रस्ता. आस्पेनची झाडं पिवळीधमक. सिल्व्हर प्लूमनंतर चौथ्यातच ठेवली. काटा हळूहळू उतरत पन्नासवर आला आणि तिथे थांबला. मी वाट बघत होतो आता पडेल, आता पडेल. बेकरव्हिल गेलं तरी पडला नाही. शेवटच्या उंच टप्प्यात तिसरा टाकावा लागला, पंचेचाळीस. तरीही एक मिनीव्हॅन गेलीच पुढे. पण तिला या वेळी सुळकन जाता आलं नाही.

रात्री फोनवर आप्पांना सगळं सांगितलं. चौथ्यात पन्नास. ते खूश झाले, मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो सातारा जिल्ह्यात कुठल्याही गाडीबद्दल शेवटी विचारलाच जातो.

"अ‍ॅव्हरेज काय देती?"

"आधी सतरा दाखवायची गॅलनला, आता साडेअठरा," मी म्हणालो, आणि म्हणतानाच थांबलो. वेगाचा काटा आणि ओडोमीटर गिअरबॉक्सच्या मागून चालतात, चाकाचा आकार त्यांना कळत नाही. मोठ्या टायरवर ते इतकी वर्षं साडेनऊ टक्के कमी मोजत होते, आता नव्या क्राउन-पिनियनने जवळपास बरोबर मोजू लागले. म्हणजे अ‍ॅव्हरेज तेच होतं. आणि त्या पहिल्या दिवशी, मिनीव्हॅनमधल्या पोराने टाटा केला तेव्हा, मी ३५ ने नव्हे, ३८ ने चढत होतो.

हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. लिटरला किती?"

"जेमतेम आठ."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मॅटॅडोर बारा द्यायची," आप्पा म्हणाले. "भरल्याली."